‘उद्या तू गेलास तर पुढे कोण?’

नमस्कार ताई,

मी पुण्यात बाणेरला साठ माणसांच्या एका कंपनीत सहा वर्षं काम करतोय. आम्ही गाड्यांना ट्रॅकर बसवतो. मोठी गिऱ्हाइकं म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडचे दूध संघ. टँकर कुठे पोचला, आतलं तापमान किती, हे त्यांना आमच्या पडद्यावर दिसतं. बावीस हजार ट्रॅकर आमच्या सर्व्हरला सतत जोडलेले असतात. सर्व्हर जावा ८ मध्ये आहे, प्रत्येक जोडणीला एक थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा). आलेली माहिती रॅबिटएमक्यू या निरोप रांगेत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेत पडते आणि पुढची कामं तिथून होतात. एखाद्या ट्रॅकरने वाकडं पॅकेट (माहितीचा बिघडलेला तुकडा) पाठवलं की थ्रेड अडकतात आणि मेमरी चढत जाते, म्हणून आम्ही रोज पहाटे ४ वाजता सर्व्हर रीस्टार्ट करतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी हाच भाग एलिक्सर या भाषेत लिहून पाहिला. चार दिवसांत झाला. लॅपटॉपवर वीस हजार खोट्या जोडण्या त्याने आरामात पेलल्या. सरांना दाखवलं. ते म्हणाले, “छान आहे, पण उद्या तू गेलास तर पुढे कोण?” आमचे एक सीनियर पंधरा वर्षं जावात आहेत, ते म्हणाले, “दर वर्षी एक नवीन खूळ येतं.” मी चिडून मीटिंगमध्ये जावाला नावं ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपचं उदाहरण दिलं, तर सर नुसते हसले. एक मित्र म्हणतो, गुपचूप लावून टाक, चाललं की सांग. आता कामात मन लागत नाही. यांना पटवू कसं? की सरळ एलिक्सरवर काम करणारी कंपनी शोधू?

— एक वाचक, पुणे

प्रिय वाचक,

सरांचा प्रश्न तुम्हाला टाळाटाळीचा वाटला. मला तो सगळ्या पत्रातला सर्वांत खरा प्रश्न वाटतो, कारण मी स्वतः ‘गेलेली’ आहे.

वीसेक वर्षांपूर्वी मी मुंबईत मालवाहतुकीची बिलं करणाऱ्या एका कंपनीत होते. दर ठरवायचे नियम किचकट होते: वजन, अंतर, जकात, परतीला ट्रक रिकामा येणार की भरून, पावसाळ्यात घाटातला वेगळा दर, शिवाय जुन्या गिऱ्हाइकांना तोंडी दिलेल्या सवलती. मूळ कोडमध्ये एकात एक अडकलेल्या अटींचं जंगल झालं होतं. मी तो भाग प्रोलॉग या भाषेत लिहिला. नियम जसा बोलतो तसाच लिहायचा आणि उत्तर शोधायचं काम भाषेवर सोडायचं. हजार ओळींच्या आत सगळं बसलं आणि दोन वर्षं निर्धोक चाललं. मग मला दुसरी नोकरी मिळाली. महिन्याचा नोटिस पिरियड होता, त्यात दोन दुपारी बसून मी काम एका मुलाच्या हवाली केलं. पुढचे काही महिने त्याचे फोन येत राहिले, नंतर थांबले. त्यांनी तो सगळा भाग नव्याने जावात लिहिला. त्यात जवळपास वर्ष गेलं आणि मधल्या काळात दोन मोठ्या गिऱ्हाइकांना चुकीची बिलं गेली.

बऱ्याच वर्षांनी तो मुलगा एका लग्नात भेटला. म्हणाला, “मॅडम, कोड चांगला होता, पण मला विचारायला कुणीच नव्हतं.” शिकवायला वेळ मिळाला नाही, असं मी तोवर सांगत आले होते. खरं असं होतं, की तो भाग एकट्या मला येतो याचा मला आनंद होता. तुमच्या पत्रातल्या ‘चार दिवसांत झाला’ या वाक्यात तोच आनंद मला ऐकू आला, म्हणून हे आधी सांगितलं.

तुम्ही निवडलेल्या भाषेच्या घराण्यातही हाच प्रश्न एकदा विचारला गेलाय. एलिक्सर चालते अर्लांग या जुन्या भाषेच्या यंत्रावर (तिचा कोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर), आणि अर्लांग जन्मली १९८६ च्या सुमारास स्वीडनमध्ये, एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट वर्डिंग आणि माइक विल्यम्स या तिघांनी ती घडवली, टेलिफोनच्या एक्स्चेंजसाठी. (तिचं पहिलं रूप प्रोलॉगमध्ये लिहिलेलं होतं. माझ्या जुन्या कोडशी हे नातं निघालं याचं मला अजूनही अप्रूप आहे.) एएक्सडी३०१ नावाचा त्यांचा मोठा स्विच (जोडण्या वळवणारं यंत्र) या भाषेत उभा राहिला, तो दहा लाखांहून जास्त ओळींचा होता. आणि १९९८ मध्ये, भाषा यशस्वी ठरलेली असताना, एरिक्सनच्याच एका विभागाने नव्या उत्पादनांत तिच्यावर बंदी घातली. कारण साधारण असं होतं: उत्पादनं वर्षानुवर्षं चालतात, भाषा निवडली की तेवढी वर्षं तिचा भार आलाच, आणि घरची भाषा असेल तर तिची साधनंही आपणच पोसायची. जगाची भाषा घेतली तर तो खर्च जग उचलतं. हा तुमच्या सरांचाच प्रश्न आहे, फक्त मोठ्या कंपनीच्या तोंडून आलेला.

पुढे काय झालं, त्याचा तुम्हाला उपयोग आहे. आर्मस्ट्राँग आणि सोबत्यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात अर्लांग सर्वांसाठी खुली करवून घेतली आणि लगेच त्यातले बरेच जण बाहेर पडले. २००४ मध्ये आर्मस्ट्राँग पुन्हा एरिक्सनमध्ये रुजू झाले. बंदी आली तेव्हा भाषेची गुणवत्ता सिद्ध करणारं यंत्र डोळ्यांसमोर चालू होतं, तरी त्याने निर्णय बदलला नाही. भाषा खुली झाल्यावर ‘भार कोण उचलणार’ या प्रश्नाचं उत्तर मात्र बदललं. तुम्ही सरांना वीस हजार जोडण्या दाखवल्यात. त्यांनी विचारलं होतं दुसरंच.

आता व्हॉट्सअ‍ॅप. सर हसले ते मी समजू शकते. व्हॉट्सअ‍ॅपने आधी अर्लांग निवडली आणि मग काम सुरू केलं, असं झालेलं नाही. त्यांनी ईजॅबर्डी नावाचा निरोप पोचवणारा तयार सर्व्हर घेतला, तो अर्लांगमध्ये होता, आणि भाषा त्याच्या मागून घरात आली. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला ती कंपनी घेतली तेव्हा ४५ कोटी लोक ती वापरत होते आणि इंजिनियर होते अवघे बत्तीस. हे आकडे खरे आहेत, पण साठ माणसांची कंपनी चालवणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की दुसऱ्या कुणाचं तरी भलं झालं.

अशा गोष्टींमध्ये आणखी एक अडचण असते. बहुतेकांत भाषा निवडणारा माणूस स्वतः मालक होता. पॉल ग्रॅहम यांनी १९९५ मध्ये व्हायावेब हे इंटरनेटवर दुकानं उभारायचं सॉफ्टवेअर लिस्प या भाषेत लिहिलं आणि १९९८ मध्ये याहूला विकलं. ही गोष्ट आपल्या क्षेत्रात हजार वेळा सांगितली जाते. याहूने पुढे त्यातला एडिटर (दुकानाची पानं रचायचा भाग) सी++ आणि पर्ल या भाषांत नव्याने लिहवून घेतला, हे क्वचितच सांगतात. ब्राझीलच्या नूबँकेत क्लोजर ही भाषा आली ती बँक उभी राहतानाच. भाषेशी बांधलेलं राहायला तिथले लोक इतके तयार होते, की २०२० मध्ये त्यांनी क्लोजर सांभाळणारी कॉग्निटेक्ट ही कंपनीच विकत घेतली. मालक स्वतःच्या जोखमीवर भाषा घेतो. तुम्ही सरांच्या जोखमीवर घ्या म्हणताय. हा फरक मान्य केलात तर तुमच्या बोलण्याचा सूर आपोआप बदलेल.

आता कामाचं बोलू. सरांकडे परत जाण्याआधी एक काम करा, आणि ते तुम्हाला आवडणार नाही: हाच भाग चांगल्या जावात लिहून बघा.

तुमचा सर्व्हर जावा ८ वर आहे, म्हणजे २०१४ ची जावा. दर जोडणीला एक थ्रेड म्हणजे ६४ बिटी लिनक्सवर प्रत्येकाच्या स्टॅकसाठी सहसा एक एमबी जागा राखली जाते, म्हणून बावीस हजार जोडण्यांत त्या यंत्राचा जीव घाबरा होतो. पण हा दोष त्या रचनेचा आहे. नेटी नावाची लायब्ररी जावा ८ वरही मोजक्या थ्रेडमध्ये हजारो जोडण्या सांभाळते. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आहेत. ते इतके हलके असतात, की तुमची दर जोडणीला एक थ्रेड ही साधी रचना तशीच ठेवूनही काम निभावेल. तुमचे सीनियर पुढच्या मीटिंगमध्ये हेच म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. त्यांच्या आधी तुम्ही म्हणा.

मात्र त्याचीही किंमत मोजा. तुम्ही स्प्रिंग बूट (जावातल्या सेवांचा तयार सांगाडा) वापरत असाल, तर त्याची तिसरी आवृत्ती किमान जावा १७ मागते आणि जुन्या पॅकेजांची नावं प्रकल्पभर बदलावी लागतात. हे आठ दिवसांचं काम आहे की तीन महिन्यांचं, ते तुमच्याच कंपनीत बसून कळेल. त्याआधी मेमरी नेमकी कशाने चढते ते शोधा. हीप डंप (मेमरीत त्या क्षणी काय आहे त्याची नोंद) घ्या. कोणत्या मॉडेलचं पॅकेट, कोणता थ्रेड, कुठे थांबलाय? पहाटेचा रीस्टार्ट ही कुणीतरी कधीतरी लावलेली मलमपट्टी आहे आणि तिच्याखालची जखम सहा वर्षांत कुणी उघडून पाहिलेली नाही, असा माझा अंदाज आहे. वाकड्या पॅकेटवर वेळमर्यादा न घातल्यामुळे थ्रेड वाट बघत बसत असतील, तर चार ओळींत इलाज होईल.

आणि तो झाला, तर मीटिंगमध्ये तसं सांगा. “सर, मी एलिक्सर मागत होतो, पण हा दोष जावातच निघतोय,” असं ज्याने एकदा सांगितलं, त्याचं पुढचं मागणं कंपनीत वेगळ्या कानांनी ऐकतात. यात तुमची हार नाही. तुम्हाला भाषेपेक्षा टँकर पडद्यावर दिसण्याची काळजी आहे, हे सगळ्यांना कळेल.

समजा, एवढं करूनही प्रश्न उरला. रोज नव्या मॉडेलचे ट्रॅकर येतात, प्रत्येकाची बोली वेगळी, एकाच्या बिघाडाचा त्रास दुसऱ्याला होऊ नये, आणि चालत्या सर्व्हरमध्ये शिरून ‘या टँकरचं शेवटचं पॅकेट दाखव’ असं विचारता यावं. इथे अर्लांगचं घराणं खरोखर उजवं आहे, कारण टेलिफोन एक्स्चेंजचं दुखणं हेच होतं: एकाचा कॉल तुटला म्हणून बाकीच्यांचा तुटता कामा नये. एका टँकरला एक प्रोसेस (स्वतंत्र चालणारं छोटं काम), तिची मेमरी वेगळी, ती कोसळली तर तिच्यावर नजर ठेवणारा सुपरवायझर ती पुन्हा उभी करतो आणि शेजारच्या टँकरला पत्ता लागत नाही. जावात हे करता येतं, पण शिस्तीने, सगळ्यांनी, दर वेळी करावं लागतं. एलिक्सरमध्ये ती वहिवाटच आहे.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही ओघात लिहून गेलात: माहिती रॅबिटएमक्यूच्या रांगेत पडते. रॅबिटएमक्यू अर्लांगमध्येच लिहिलेलं आहे! त्या सर्व्हरवर जाऊन टॉप (चालू कामांची यादी दाखवणारी आज्ञा) लावा, यादीत बीम डॉट एसएमपी नावाची प्रोसेस दिसेल. एलिक्सर चालते ते हेच यंत्र. म्हणजे तुमची कंपनी ज्याला परकं म्हणतेय ते तुमच्या प्रॉडक्शनमध्ये आधीच कामाला आहे, आणि तुमच्याकडे सर्व्हर सांभाळणारा जो कुणी असेल त्याने ते बसवलंय, त्याच्या मेमरीचे इशारे रात्री-अपरात्री वाचलेत, अर्लांग कुकी (परवलीचा शब्द) जुळली नाही म्हणून डोकंही धरलंय. सरांच्या आधी त्या माणसाकडे जा. चहा घ्या आणि त्याला विचारा, “हे चालवताना तुला काय त्रास होतो?” त्याचं उत्तर वहीत लिहून घ्या. नवी भाषा आली की पहिली झळ सर्व्हर सांभाळणाऱ्याला बसते आणि त्याला कुणी विचारत नाही. तो तुमच्या बाजूने बोलला, तर सरांच्या मनातली अर्धी भीती तिथेच जाईल. तो विरोधात गेला, तर तुम्हाला खरी अडचण तरी कळेल.

मग सरांकडे मागायचं ते अगदी लहान मागा. एलिक्सर ‘आणायची’ असं म्हणूच नका. पॅकेट घेणारा एक कार्यक्रम (प्रोग्राम), पन्नास गाड्या, दोन महिने. ट्रॅकर कुठल्या पत्त्यावर बोलेल हे बहुतेक यंत्रांत एसएमएस पाठवून बदलता येतं, तुम्ही ते रोज करत असाल. पन्नास ट्रॅकर नव्या पोर्टकडे वळवा. नवा कार्यक्रम रॅबिटएमक्यूत अगदी जुन्यासारखाच निरोप टाकेल, तोच साचा, तीच नावं. पुढच्या जावाला काही बदललंय हे कळताच कामा नये. बिनसलं तर पुन्हा एक एसएमएस आणि पन्नास गाड्या जुन्या घरी. ही परतीची वाट सरांना आधी दाखवा, नवा कार्यक्रम नंतर.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, पहिल्या दिवसापासून दुसरा माणूस हवा. त्याच्याशिवाय सुरूच करू नका. सरांनी हो म्हटलं तरी थांबा आणि माणूस मागा. तो तुमच्यासारखा भारावलेला नसला तर जास्त चांगलं. त्याला शिकवायला सुरुवात पॅकेटपासून करा. स्वस्त ट्रॅकरांपैकी अनेक जण जीटी०६ ही बोली बोलतात: सुरुवातीला ७८ ७८, मग एका बाइटात लांबी, मग प्रकार, ०१ म्हणजे ओळख आणि १२ म्हणजे ठिकाण, शेवटाकडे अनुक्रमांक आणि तपासणीचे दोन बाइट. यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात याचा तक्ता असतो. अर्लांगच्या घराण्यात बाइटांचा असा नमुना जवळजवळ त्या तक्त्यासारखाच लिहिता येतो: इतके बिट हे, इतके ते, उरलेलं बाजूला. जावातला तोच भाग, बिट सरकवण्याचा आणि नको ते बिट झाकण्याचा, शेजारी ठेवा आणि तक्ता मध्ये ठेवा. ‘फंक्शनल’ (एलिक्सर ज्या पद्धतीची भाषा आहे तिचं नाव) हा शब्दही काढायची गरज नाही. जावा येणारा माणूस माझ्या अनुभवात दोनेक आठवड्यांत एलिक्सर वाचायला लागतो. सुपरवायझरांची रचना स्वतः ठरवायला त्याला काही महिने लागतात, आणि हे सरांना आधीच सांगा.

पहिल्या महिन्यानंतर नव्या मॉडेलचा कोड त्याने लिहायचा आणि तुम्ही तपासायचा. दुसऱ्या महिन्यात तुम्ही आठवडाभर खरोखर रजेवर जा. लॅपटॉप घरी ठेवून गावाला जा. त्या आठवड्यात कंपनीचं काय होतं, हेच सरांच्या प्रश्नाचं उत्तर असेल, आणि ते तुम्हाला तोंडाने द्यावं लागणार नाही.

तुमच्या मित्राने सुचवलेला गुपचूप लावून टाकण्याचा मार्ग मला अजिबात पटत नाही. क्लोजर किंवा स्काला या भाषा जावाच्याच यंत्रावर चालतात, तेव्हा ‘ही एक जार फाइल (जावाच्या तयार कोडचं गाठोडं) आहे’ असं म्हणून त्या अनेक ठिकाणी अशा शिरल्या, हे मला माहीत आहे. कोटलिन या भाषेने तर जावाच्या शेजारी, एकेका फाइलने राहता येणं हाच आपला पाया केला. म्हणून २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला मान्यता दिली तेव्हा कुणाला जुना कोड फेकावा लागला नाही. पण ते उघड शेजारपण होतं. गुपचूप लावलेली गोष्ट पहाटे बंद पडली, की ती उघडणारा माणूस तुमचा सहकारी असतो. समोर काय आहे हेच त्याला माहीत नसतं, आणि त्या पहाटे तुम्ही त्याच्या भरवशाचा जो घात करता तो पुढे भरून येत नाही.

सीनियरांबद्दल. पंधरा वर्षं जावात घालवलेल्या माणसासमोर जावाला नावं ठेवलीत, तर त्याला ती आपल्यालाच ठेवल्यासारखी वाटतात. त्याच्या मनात आणखी काय असतं ते मी आता, या वयात ओळखायला शिकले: आज या खोलीत सगळ्यांना माझ्याकडे यावं लागतं, उद्या मला या सहा वर्षं अनुभवाच्या मुलाकडे जाऊन विचारावं लागेल, आणि अप्रेझल त्यानंतर असेल. ही भीती खरी आहे. तिला हसू नका. त्यांच्याकडे जा, आधी चुकलं म्हणा, आणि जावा २१ चा प्रयोग त्यांच्यासोबत करा. कोणती ट्रॅकर कंपनी कसली वाकडी पॅकेट पाठवते, कुठल्या घाटात सिग्नल जातो, २०१९ च्या महापुरात कोणती यंत्रं महिनाभर गप्प होती, हे त्यांना माहीत असणार. ते सगळं नव्या कार्यक्रमात लागणार आहे आणि कुठल्याही भाषेच्या पुस्तकात ते नाही.

आणि सर पटले, तर त्यांना वरून हुकूम काढू देऊ नका. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एडा ही भाषा १९९१ मध्ये कायद्याने सक्तीची झाली होती. भाषा चांगली होती, विमानांत आणि रेल्वेच्या यंत्रणांत ती आजही आहे. पण सवलती मागून मागून लोकांनी सक्ती पोखरली आणि १९९७ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

‘माणसं मिळत नाहीत’ असं सर पुढे म्हणतील, त्याची तयारी ठेवा. नोकरीच्या जाहिरातीला एलिक्सरवाल्यांचे अर्ज जावाच्या तुलनेत थोडेच येतील, हे कबूल करा. पण आपल्याकडे अशा भाषांवर कामं उभी राहिली आहेत. बंगळूरच्या जसपेने पैशांच्या व्यवहारांत हास्केल वापरली. तिथली नम्मा यात्री ही रिक्षांची सेवा हास्केलवर चालते आणि तिचा कोड कुणालाही वाचता येतो. पुण्यातच, तुमच्यापासून फार लांब नाही, हेल्पशिफ्टने आपली सेवा क्लोजरवर बांधली. अशा ठिकाणी भाषा येणारी माणसं आयती मिळाली म्हणून काम सुरू झालं असं सहसा होत नाही, माणसं आत आल्यावर शिकतात. न्यूयॉर्कच्या जेन स्ट्रीट या व्यापारी कंपनीत ओकॅमल भाषा रुजली, कारण पैशाला हात घालणारा कोड तिथले भागीदार स्वतः वाचून बघायचे आणि तो त्यांना त्या भाषेत वाचता येत होता. वाचणारा कोण हे आधी ठरलं. तुमच्याकडे वाचणारे तुमचा जोडीदार, तो सर्व्हरवाला आणि ते सीनियर. बाहेरच्या बाजारात किती माणसं आहेत हा प्रश्न या तिघांनंतर येतो.

सरांशी बोलताना काय म्हणायचं, तेही सांगते. ‘कन्करन्सी’ (एकाच वेळी अनेक कामं चालवणं) म्हणू नका. पहाटे ४ ला रीस्टार्ट झाल्यावर बावीस हजार ट्रॅकर एकदम जोडायला धावतात. सगळे परत दिसायला किती मिनिटं लागतात? तुम्ही कधी मोजलंय? मोजा, महिनाभर रोज. ती वेळ दुधाची आहे. संकलनाच्या फेऱ्या निघायच्या बेतात असतात, काही टँकर वाटेवर असतात. त्या मिनिटांत एखाद्या टँकरचं कूलिंग बंद पडलं, तर संघाच्या माणसाला ते कळत नाही आणि गावोगावच्या शेतकऱ्यांचं दूध नासतं. हे वाक्य तुमच्या सरांना व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा लवकर समजेल. मलाही तुमच्या पत्रात भाषेपेक्षा याच गोष्टीने जास्त अस्वस्थ केलं.

नोकरी सोडू का, असं विचारलंत. आज चिडून सोडू नका. वर सांगितलेलं सगळं सहा महिन्यांत होण्यासारखं आहे. हीप डंप घेतला, जावा करून पाहिली, पन्नास गाड्या मागितल्या, दुसरा माणूस मागितला, आणि तरीही सरांनी ऐकूनच घेतलं नाही, तर खुशाल जा. ज्या कामात मन लागत नाही तिथे रेंगाळून स्वतःला कडवट करून घेऊ नये, हे मी अनुभवावरून सांगते. एलिक्सरवर चालणाऱ्या कंपन्या आहेत, बऱ्याच घरून काम देतात, आणि ‘मी बावीस हजार ट्रॅकरांचा प्रश्न असा सोडवायला गेलो’ ही हकीकत मुलाखतीत कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची ठरेल. फक्त जाताना काम दोन दुपारींत कुणाच्या गळ्यात टाकून जाऊ नका.

आणि पन्नास गाड्या मिळाल्या, तर पहिल्या पहाटे ४ वाजता तुम्ही जागे राहा, तो जोडीदार आणि सर्व्हरवालाही असू द्या, पडदा एकत्र बघा. दहाव्या पहाटे मात्र फोन जोडीदाराच्या उशाशी ठेवा आणि तुम्ही झोपा. त्याला त्या रात्री काय अडलं, ते मला कळवा.

तुमची,
ताई